बॅरलच्या आतली रेघ

ज्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, तिथं पाणी येण्याच्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवतात. बेळगावच्या जुन्या वस्त्यांत हे नवीन नाही. हंडे, कळशा, न्हाणीतला हौद, आणि दाराशेजारी उभं असलेलं निळं प्लास्टिकचं बॅरल. पुढच्या पाण्यापर्यंत त्या बॅरलमधलं पाणी तांब्या-तांब्यानं खाली उतरतं आणि आतल्या भिंतीवर एक ओली रेघ मागं ठेवतं. डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवणारी एडिस इजिप्ती डासाची मादी या रेघेच्या आसपास, पाण्याच्या किंचित वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. एका खेपेला साधारण शंभर. ती सगळी एका भांड्यात घालत नाही. थोडी इथं, थोडी शेजारच्या हौदात, थोडी मागच्या अंगणातल्या कुंडीखालच्या ताटलीत. घातल्याबरोबर अंडी पांढरी असतात आणि दोनेक तासांत काळी पडतात. नुसत्या डोळ्यांना ती काजळीच्या कणांसारखी दिसतात. अंड्याचं कवच एकदा पक्कं झालं की ते कोरडं पडूनही काही महिने जिवंत राहतं. पाणी पुन्हा रेघेपर्यंत चढलं की अंडी फुटतात.

म्हणून बॅरल ओतून लगेच भरलं तर अळ्या जातात, अंडी राहतात. डासांबद्दल जे काही शिकायचं त्याची सुरुवात या रेघेपाशी करावी असं वाटतं. कारण ही रेघ आपणच आखतो, दर पाण्याला नव्यानं. डास कुठं वाढणार, कोणता वाढणार आणि त्यातला कोणता तगणार, हे बऱ्याच अंशी माणूसच ठरवत आला आहे.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. येळ्ळूरच्या शिवारात भाताचं बियाणं राखताना चांगल्या लोंब्या बाजूला काढतात. म्हशीला मुऱ्हा रेड्याचं बीज देताना पुढच्या पिढीत काय उतरणार याचा विचार केलेला असतो. निवड केली की पिढी बदलते. डासांच्या बाबतीतही आपण गेली ऐंशी वर्षं निवड करत आलो आहोत, फक्त न ठरवता. आनुवंशशास्त्राचं डासांवरचं काम म्हणजे ती निवड जाणून-बुजून करणं. हे एकदा ध्यानात आलं की प्रयोगशाळेतल्या गोष्टी परक्या वाटत नाहीत.

पहिली अडचण नावाची. मराठीत डास, कानडीत सोळ्ळे, एकाच शब्दात सगळे बसतात. पण सीमाभागातल्या एकाच तालुक्यात चार तऱ्हेच्या पाण्यांत चार वेगळे डास असतात. साठवणीच्या स्वच्छ पाण्यात एडिस. भाताच्या उभ्या पाण्यात क्युलेक्सच्या काही जाती, ज्या जपानी मेंदूज्वराचा विषाणू नेऊ शकतात. गटारात आणि भरलेल्या सेप्टिक टाकीत क्युलेक्स क्विन्केफॅशिएटस, हत्तीरोगाचा वाहक. रात्री कानाशी गुणगुणणारा बहुतेक वेळा हाच. हिवतापाचे डास ॲनोफिलिस. त्यातही कालव्याच्या पाझरात, ओढ्याच्या कडेला, साचलेल्या डबक्यात क्युलिसिफेसीस, खानापूरकडच्या डोंगराळ भागातल्या वाहत्या झऱ्यांच्या काठाला फ्लुव्हिएटिलिस, आणि शहरात गच्चीवरच्या टाकीत, विहिरीत स्टीफेन्साय. एकावर केलेला उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. एडिस दिवसा चावतो, सकाळी लवकर आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. त्यामुळं रात्रीची मच्छरदाणी त्याला अडवत नाही. मात्र डेंगीच्या रुग्णाला पहिले पाचेक दिवस दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवायला हवं, हे याच कारणानं.

नाव आणखी खोल जातं. क्युलिसिफेसीस हा बाहेरून एकच दिसणारा डास प्रत्यक्षात पाच जातींचा गट आहे. त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी नावं आहेत. यातल्या ए, सी, डी आणि ई या जाती हिवताप पसरवतात. बी जात बहुतेक ठिकाणी जनावरांचं रक्त पिते आणि हिवतापाच्या दृष्टीनं कमी धोक्याची मानली जाते. भिंगाखाली सगळ्या सारख्याच. ओळखायचं तर मादीच्या अंडाशयातल्या पेशींची मोठी, पट्टेदार गुणसूत्रं पाहावी लागतात. त्यांवरच्या पट्ट्यांचा काही भाग एका जातीत सुलट असतो, दुसरीत उलटा. त्यासाठी पहाटे गोठ्यात बॅटरी आणि शोषनळी घेऊन डास पकडायचे, रक्त अर्धं पचलेली आणि अंडाशय अर्धं भरलेली मादी निवडायची, अंडाशय काढून एक भाग ॲसेटिक आम्ल आणि तीन भाग मिथेनॉलच्या मिश्रणात टाकायचं, ऑर्सीननं रंगवायचं आणि काचपट्टीवर दाबून पसरायचं. मादी जरा आधीची असली तर गुणसूत्रं बारीक आणि अस्पष्ट येतात, जरा नंतरची असली तर विरतात. वीस माद्यांतून कामाच्या चार-पाच मिळाल्या तरी दिवस चांगला गेला म्हणायचा. आता डीएनएच्या चाचणीनं हे काम सोपं झालं आहे, पण जातींचा मूळ नकाशा या दाबलेल्या काचपट्ट्यांवरच तयार झाला. शहरातल्या स्टीफेन्सायचेही प्रकार आहेत. १९३७ साली स्वीट आणि राव यांनी म्हैसूर भागात एक प्रकार वेगळा काढला तो अंड्यावरून. अंड्याच्या दोन्ही बाजूंना तरंगण्यासाठी हवेच्या पिशव्या असतात, त्यांवरच्या कडा मोजल्या. मूळ प्रकारात त्या साधारण १४ ते २२, म्हैसूरच्या प्रकारात ९ ते १५. त्याला मायसोरेन्सिस हे नाव पडलं, आणि तो हिवतापाचा कच्चा वाहक निघाला. एखाद्या गावात डास किती आहेत एवढंच मोजून औषध मारणं म्हणजे शेतातलं भात आणि तण एकत्र मोजण्यासारखं आहे.

निवडीची मोठी गोष्ट मात्र आपल्याच भागात घडली. बेळगाव, धारवाड, कारवार हे जिल्हे तेव्हा मुंबई प्रांतात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच, १९४६ च्या सुमारास, डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली धारवाड आणि कारवार जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे प्रयोग झाले. भिंतीवर बसणारा डास मरतो आणि थर काही महिने टिकतो, एवढं साधं तत्त्व. परिणाम इतका दिसला की १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्या आधी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख दगावत असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. १९७६ साली ते पुन्हा ६४ लाखांवर गेले. ढिलाई होती, शहरांकडं दुर्लक्ष होतं, आणि डास बदलले होते.

बदल नेमका कुठं झाला हे आता अक्षरासकट सांगता येतं. डासाच्या मज्जापेशीत सोडियम आत घेणारी दारं असतात. संदेश जाताना दार उघडतं आणि लगेच मिटतं. डीडीटी ते दार मिटू देत नाही. मज्जातंतू थांबेनासा होतो, डास थरथरतो, उलटा पडतो. काही डासांत या दाराच्या घडणीतला एकच घटक (अमिनो आम्ल) जन्मतः वेगळा असतो: ॲनोफिलिसमध्ये १०१४ व्या जागी ल्युसीनऐवजी फेनिलअलॅनीन, एडिसमध्ये १५३४ व्या जागी फेनिलअलॅनीनऐवजी सिस्टीन. अशा दाराला औषध नीट पकडू शकत नाही. फवारणीच्या आधी असे डास मूठभर असतात. फवारणीनंतर पिढी त्यांची होते. याशिवाय औषध पचवून टाकणारी विकरं जास्त बनवणारे डासही असतात, तो दुसरा मार्ग.

आणि आजच्या काळातली अडचण अशी की पायरेथ्रॉइड गटाची औषधंही त्याच दारावर बसतात. मच्छरदाणीवरचं डेल्टामेथ्रिन, भिंतीत खोचलेली द्रवाची बाटली, वेटोळी कॉइल, मॅट, फवाऱ्याचा डबा, सगळं एकाच गटातलं. म्हणजे ज्या घरात रोज रात्री मशीन लागते तिथं रोज रात्री निवड चालते. खोलीच्या कोपऱ्यात अर्धवट मात्रा पोचते, अशक्त मरतात, पक्के राहतात.

औषध अजून चालतं का हे पाहायची रीत ठरलेली आहे आणि ती काटेकोर पाळली तरच तिला अर्थ. अळ्या गोळा करून प्रयोगशाळेत वाढवायच्या, म्हणजे वय कळतं. तीन ते पाच दिवसांच्या, रक्त न प्यालेल्या माद्या घ्यायच्या. औषध लावलेला कागद आत बसवलेल्या नळीत वीस ते पंचवीस, अशा चार नळ्या, सोबत साध्या तेलाच्या कागदाच्या दोन. एक तास ठेवायच्या, मग स्वच्छ नळीत हलवून साखरेच्या पाण्याचा कापूस द्यायचा आणि चोवीस तासांनी मेलेल्या मोजायच्या. ९८ टक्क्यांच्या वर मेल्या तर औषध लागू, ९० च्या खाली तर डास पक्के झाले, मधे असतील तर पुन्हा तपासणी. चुकतं ते बहुधा इथं: बाहेरून पकडलेले म्हातारे डास वापरले की ते तसेही लवकर मरतात आणि औषध चांगलं दिसतं; एकच कागद फार वेळा वापरला की औषध उतरलेलं असतं आणि डास पक्के दिसतात; खोली फार गरम किंवा कोरडी असली की साध्या कागदावरचेही मरतात. साध्या नळीत वीस टक्क्यांच्या वर मेले तर सगळी चाचणी टाकून द्यायची.

गल्लीत फिरणारं धुराचं यंत्र याच हिशेबात बघायला हवं. धुराचा थेंब हवेत उडणाऱ्या डासाला लागला तरच उपयोग. एडिस घरात कॉटखाली, लटकवलेल्या काळ्या कपड्यांत, मागाच्या खोलीच्या अंधारात बसतो. धूर आला की दारं-खिडक्या बंद होतात. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर जाते, तिच्याबरोबर धूरही. वारा पडलेला असताना पहाटे किंवा संध्याकाळी, दारं उघडी ठेवून, रुग्ण सापडलेल्या घराभोवती मारला तर विषाणू पोटात असलेली मादी मारण्यापुरता तो उपयोगी आहे. बॅरलच्या रेघेवरची अंडी त्याला दिसतही नाहीत.

इथं क्रिस्तोफर कर्टिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाची आठवण येते. त्याच्या कामात हे सगळे धागे एकत्र येतात. १९६८ साली त्यानं एक कल्पना छापली. दोन गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदललेले डास तयार केले, तर त्यांची आपसांतली प्रजा ठीक निपजते, मूळ डासांची मूळ डासांशी ठीक निपजते, पण संकराची निम्मी प्रजा मरते. अशा वेळी ज्यांची संख्या जास्त त्यांना संकराचा फटका कमी बसतो. म्हणजे पुरेसे डास सोडून एकदा बहुमत मिळवलं की उरलेलं काम निसर्ग करतो, आणि त्या गुणसूत्राला रोग न नेणारं जनुक बांधलेलं असेल तर तेही सगळ्या गावात पसरतं. डास संपवण्याऐवजी डास बदलायचा. त्या काळी असं जनुक कुणाच्या हातात नव्हतं, पण वाट दिसलेली होती.

पुढं हा माणूस दिल्लीला आला. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद यांनी मिळून तिथं डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचं संशोधन केंद्र चालवलं होतं. दिल्लीभोवतीच्या खेड्यांत नपुंसक केलेले क्युलेक्सचे नर सोडले गेले. अळीनंतरच्या अवस्थेतले कोष थायोटेपा या रसायनाच्या द्रावणात बुडवले की त्यातून निघणारा नर नपुंसक होतो. नर चावत नाही, तो फुलातला रस पितो, त्यामुळं कितीही सोडले तरी माणसाला त्रास नाही. मादी बहुधा आयुष्यात एकदाच खरी जुगते, त्यामुळं तिच्या वाट्याला नपुंसक नर आला की तिची अंडी वांझ. गणित बरोबर होतं. पण बाहेरच्या गावांतून आधीच जुगलेल्या माद्या उडत येत आणि सगळा हिशेब बिघडवत. छोट्या गावाभोवती मोकळा पट्टा नसेल तर ही रीत हरते, हे त्या केंद्रानं जगाला शिकवलं.

केंद्र बंद पडलं ते मात्र दुसऱ्याच कारणानं. परदेशी पैसा, पीतज्वराचाही वाहक असलेला एडिस, जैविक युद्धाचा संशय, विहिरींत रसायन टाकल्याची चर्चा, वर्तमानपत्रं, संसदेची लोकलेखा समिती. सोनिपतमध्ये एडिसचे नर सोडायची तयारी झालेली असताना १९७५ साली सगळं थांबलं. शास्त्र बरोबर असूनही काम थांबू शकतं. लोकांना आधी, त्यांच्या भाषेत, पुरेसं सांगितलं नाही तर संशयाला जागा राहते, आणि तो संशय लोकांचा दोष नसतो.

आज जो उपाय सगळ्यांत पुढं गेला आहे तो कर्टिसच्या बहुमताच्या तत्त्वावरच चालतो, फक्त गुणसूत्राच्या जागी जिवाणू आहे. वोल्बाकिया हा कीटकांच्या पेशीत राहणारा जिवाणू. हर्टिग आणि वोल्बाक यांनी तो १९२४ साली क्युलेक्समध्येच पाहिला. तो आईकडून अंड्यातून पुढं जातो. वोल्बाकिया असलेला नर आणि नसलेली मादी जुगली तर अंडी मरतात. मादीत वोल्बाकिया असेल तर नर कुठलाही असो, अंडी जगतात आणि त्यांत वोल्बाकिया असतो. १९६७ साली लावेन या शास्त्रज्ञानं ब्रह्मदेशातल्या ओक्पो गावी असे न जुळणारे नर सोडून तिथला क्युलेक्स हटवून दाखवला, तेव्हा यामागं जिवाणू आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. एडिस इजिप्तीत मात्र वोल्बाकिया नैसर्गिकरीत्या नसतो असंच म्हणावं लागेल. तो बाहेरून घालावा लागतो, आणि घातला की एक फायदा मिळतो. त्या डासात डेंगीचा विषाणू नीट वाढत नाही.

घालण्याची रीत हाताच्या कौशल्याची आहे. मादीनं घातलेली अंडी तासाभराच्या आत गोळा करायची. पांढरं अंडं राखाडी होत असताना, काळं व्हायच्या आधी, सुई आत जाते. पुढं कवच कडक होतं. अंडी एका ओळीत, एकाच बाजूला तोंड करून लावायची, किंचित सुकवायची, तेलानं झाकायची. जास्त सुकली तर सुरकुततात, कमी सुकली तर टोचल्यावर आतला द्रव बाहेर येतो. सुई मागच्या टोकात, कारण पुढच्या पिढीच्या जननपेशी तिथं तयार होतात. शेकडो अंडी टोचून मोजकीच जगतात आणि त्यांतल्याही एखाद-दुसऱ्या मादीकडून जिवाणू पिढीत उतरतो. फळमाशीतला डब्ल्यूमेल हा प्रकार एडिसमध्ये बसवून ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळ २०११ साली डास सोडले गेले. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात भागांचे दोन गट करून चाचणी झाली. २०२१ साली निकाल आला: डास सोडलेल्या भागांत डेंगी ७७ टक्क्यांनी कमी, इस्पितळात दाखल व्हायची वेळ ८६ टक्क्यांनी कमी.

भारतात पुदुच्चेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्रानं डब्ल्यूमेल आणि डब्ल्यूएल्बबी अशा दोन प्रकारांचे एडिस तयार केल्याचं २०२२ साली जाहीर झालं. मूळ वाण ऑस्ट्रेलियाहून आणलं आणि स्थानिक डासांशी पिढ्यान्‌पिढ्या जुळवलं. म्हैस सुधारायची रीत इथं उलट्या अंगानं चालते. आई वोल्बाकियावाली, बाप दर पिढीला स्थानिक. पहिल्या पिढीत निम्मं रक्त स्थानिक, दुसरीत पाऊण, आणि सहाव्या पिढीत ६४ पैकी ६३ भाग. जिवाणू आईच्या बाजूनं तसाच राहतो.

ही मेहनत का घ्यायची, याचं उत्तर ब्राझीलमध्ये मिळालं. रिओ दि जानेरोजवळ पहिल्यांदा सोडलेला वोल्बाकियाचा वाण टिकला नाही. तिथल्या घरांत पायरेथ्रॉइडचे फवारे इतके चालत की गल्लीतले डास पक्के झालेले होते, आणि प्रयोगशाळेतले नाजूक. लोकांनी रोजच्यासारखा फवारा मारला आणि सोडलेले डास मेले. मग पक्केपणाचं जनुक वाणात आणून पुन्हा सोडले, तेव्हा टिकले. वर सांगितलेल्या सोडियमच्या दाराची ही दुसरी बाजू आहे. इथं कधी असे डास सोडायचे झाले तर बेळगावातल्या वडगावच्या बॅरलमधले एडिस कोणत्या औषधाला कितपत पक्के आहेत हे आधी नळीच्या चाचणीनं मोजावं लागेल.

उन्हाळ्याचाही विचार हवा. डब्ल्यूमेलला ऊन सोसत नाही. पाण्याचं तापमान रोज दुपारी ३७ अंशांकडं जात राहिलं तर अळीतला जिवाणू विरळ होतो. डब्ल्यूएल्बबी उष्णतेला तगतो, पण त्या वाणाची अंडी फार दिवस कोरडी पडून राहिली तर त्यांतून निघणाऱ्या माद्या वांझ होऊ लागतात. बेळगाव शहरात सावलीतल्या हौदाचं पाणी आणि अथणीकडं उघड्यावर तापणाऱ्या टाकीचं पाणी, एकाच जिल्ह्यात दोन हवामानं आहेत. एकच वाण दोन्हीकडं चालेल असं गृहीत धरता येत नाही.

नुसते नर सोडायचे तर आणखी एक अडचण असते, नर-मादी वेगळे करण्याची. नराचा कोष लहान, मादीचा मोठा, त्यामुळं ठरावीक फटीच्या काचपट्ट्यांतून पाणी सोडून ते वेगळे करता येतात. पण ट्रेमध्ये अळ्यांची गर्दी झाली किंवा खाणं कमी पडलं की माद्याही खुज्या राहतात आणि नरांत मिसळतात. खाणं जास्त झालं तर पाण्यावर साय धरते आणि अळ्या गुदमरतात. २७-२८ अंश, ठरलेली संख्या, मोजलेलं खाणं. पहाटेची धार काढण्याइतकं नेमानं करायचं काम आहे हे.

महाराष्ट्रात जालन्याजवळ दावलवाडीला २०१७ साली जनुकं बदललेल्या एडिसच्या बंदिस्त पिंजऱ्यातल्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. त्या डासांना टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दिलं तरच अळी पुढं वाढते. बाहेर ते मिळत नाही, त्यामुळं पिल्लं अळीच्या शेवटच्या अवस्थेत मरतात. शेवटच्याच अवस्थेत का? तोवर त्या अळ्या भांड्यातलं खाणं खाऊन रानटी अळ्यांनाही उपाशी ठेवतात. अशा बारकाव्यात या शास्त्राची खरी बुद्धी दिसते.

जनुकचालना, म्हणजे जीन ड्राइव्ह, याबद्दल मात्र सावध राहायला हवं. एरवी जनुक निम्म्या पिल्लांत उतरतं. इथं ते जोडीच्या गुणसूत्राला कापून स्वतःची नक्कल तिथं बसवतं, म्हणून जवळपास सगळ्या पिल्लांत जातं. २०१५ साली कॅलिफोर्नियात अँथनी जेम्स आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं ते आपल्याच स्टीफेन्साय डासात. त्यांनी हिवतापाच्या परजीवीविरुद्धची जनुकं त्यात बसवली होती. हाच डास २०१२ साली आफ्रिकेत जिबूतीत सापडला आणि तिथून पसरतो आहे, म्हणून त्याच्यावरच्या कामाला घाई आली. २०१८ साली लंडनच्या क्रिसान्ती यांच्या गटानं आफ्रिकी ॲनोफिलिसमध्ये मादीची घडण ठरवणाऱ्या जनुकावर घाव घातला. पिंजऱ्यातली सगळी प्रजा सात ते अकरा पिढ्यांत संपली. पण कापलेली जागा कधी वेडीवाकडी सांधली जाते आणि पुन्हा कापता येत नाही. तसा डास जगला तर पुढची पिढी त्याचीच. डीडीटीच्या वेळी हेच झालं होतं. म्हणून ज्या जागी बदल झाला तर डास जगूच शकत नाही, अशी जागा निवडतात. असा डास आजवर जगात कुठंही मोकळा सोडलेला नाही, आणि एकदा सोडला तर तो कर्नाटक-महाराष्ट्राची सीमा ओळखणार नाही. त्याचा निर्णय एका तालुक्याचा, एका राज्याचा असू शकत नाही.

सीमाभागात संमतीचा प्रश्न भाषेपासून सुरू होतो. खानापूर तालुक्यातल्या मराठी घरात कानडीतलं पत्रक दिलं, किंवा सौंदत्तीकडच्या कानडी घरात मराठीतलं, तर सही मिळेल पण संमती मिळणार नाही. आशाताई घरोघर अळ्या बघायला जातात तेव्हा बॅरलवर वाकून, पाण्यात बॅटरी मारून, दोन्ही भाषांत बोलतात. डास सोडण्याआधी अशाच बोलण्याला वर्ष-दोन वर्षं द्यावी लागतील, आणि मधे नाही म्हणायची मोकळीकही. दिल्लीच्या केंद्राकडून घ्यायचा हाच धडा.

कर्टिसनं पुढच्या वर्षांत मच्छरदाण्यांवर खूप काम केलं, आणि एक अगदी साधं कामही. थर्माकोलचे कच्चे मणी उकळत्या पाण्यात टाकले की फुगतात. ते शौचखड्ड्यातल्या पाण्यावर साधारण सेंटिमीटरभर जाडीनं पसरले की क्युलेक्सची अळी श्वासाला वर येऊ शकत नाही आणि मादीला अंडी घालायला पाणी दिसत नाही. झांझिबारमधल्या मकुंडुची गावात हे करून हत्तीरोगाच्या गोळ्यांबरोबर जोडलं, तेव्हा डास कमी झाले आणि बरीच वर्षं कमीच राहिले. उघड्या गटारात हे चालत नाही, मणी वाहून जातात. बंद सेप्टिक टाकीत चालतं. टाकीच्या वेंट पाइपला बारीक जाळी बांधली तर निघणारे डास तिथंच अडकतात, आणि ती जाळी पावसाळ्याआधी एकदा बदलावी लागते कारण उन्हानं नायलॉन पिचतं. जनुकांचा विचार करणाऱ्याच माणसानं शौचखड्ड्यातही इतक्या बारकाईनं डोकावावं, याचा आदर वाटतो.

बॅरलसाठीची रीत अशी. अंड्यापासून उडत्या डासापर्यंत उबेत सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवायचा, त्यापेक्षा लांबवायचं नाही. पाणी काढून टाकायचं. कपड्याची पावडर आणि ब्लिचिंगचं पाणी एकत्र करून फडक्यानं आतल्या भिंतीला, विशेषतः रेघेच्या वर चार बोटं आणि काठाच्या वळीत, चोळायचं आणि दहा मिनिटं ठेवायचं. न्हाणीघराचं ॲसिड यात कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. मग काथ्यानं खरवडायचं, कारण नुसत्या पाण्याच्या धारेनं अंडी सुटत नाहीत, आणि दोनदा धुवायचं. झाकण नीट बसत नसेल तर सुती फडकं ताणून दोरीनं आवळायचं. ते मधे झोळलं तर त्या खळग्यातच पाणी साचतं. जो हौद रिकामा करताच येत नाही त्यात आरोग्य खात्याकडून मिळणारे गप्पी मासे सोडावेत. मग तोटी सोडायची, आणि बॅरल भरत असताना काठाच्या आतल्या बाजूनं एकदा बोट फिरवून बघायचं, काही खरखरीत लागतंय का.